१२३४५६७८९० ची पार्टी: तुमचा ग्राहक नेमकं काय मोजतो?



या वेळच्या व्हिडिओत एका विचित्र पार्टीचा उल्लेख केला होता. ना कुणाचा वाढदिवस, ना सण, ना कंपनीचा वर्धापन दिन. जगभरातली कॉम्प्युटरवाली मंडळी एकत्र जमली, कशासाठी? तर एक आकडा बदलताना बघायला! व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून हा विषय इथे नीट समजून घेऊ. यात छोट्या धंद्यासाठी कामाचा धडा आहे, आणि तो खिशाला परवडणारा आहे.

आधी तो आकडा समजून घ्या

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचं काम सुरू केलं. आजचं लिनक्स त्याच वळणाचं आहे आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सवर उभा आहे.

या प्रणालीला वेळ मोजायची एक साधी पद्धत आहे. महिना, वार, वर्ष या भानगडीत ती पडत नाही. १ जानेवारी १९७० ला जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे ५:३० वाजले होते) मोजणी शून्य धरली आणि तिथून एकेक सेकंद मोजत जायचं. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. आपण बघतो ती तारीख आणि वेळ याच आकड्यावरून काढली जाते.

म्हणजे आपल्याला घड्याळात सव्वादहा दिसतात, पण आत एक लांबलचक आकडा पुढे सरकत असतो. सामान्य माणसाला तो कधी दिसत नाही. प्रोग्रामरला मात्र रोज दिसतो. एक छोटी आज्ञा टाइप केली की तो पडद्यावर येतो.

दोन तारखा, दोन जल्लोष

पहिला मोठा टप्पा आला ९ सप्टेंबर २००१ ला. त्या दिवशी हा आकडा १,००,००,००,००० म्हणजे १०० कोटी झाला. भारतात रविवार सकाळचे ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंद झाले होते. डेन्मार्कमध्ये मात्र पहाटेचे ३ वाजून ४६ मिनिटं! तरीही तिथल्या युनिक्स वापरणाऱ्यांच्या संघटनेने कोपनहेगनमध्ये त्यासाठी पार्टी ठेवली. पहाटे पावणेचारला, एका आकड्यासाठी. विचार करा.

दुसरा टप्पा त्याहून मजेदार. १३ फेब्रुवारी २००९, शुक्रवार, जागतिक प्रमाणवेळ रात्री ११:३१:३०. आकडा झाला १२३४५६७८९०. एक ते नऊ ओळीने आणि शेवटी शून्य. या आकड्याला तांत्रिक महत्त्व काहीच नव्हतं, फक्त दिसायला सुंदर. आणि जगात ठिकठिकाणी तंत्रज्ञ मंडळी त्यासाठी जमली. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवार संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, ऑफिस सुटायची वेळ. आपल्याकडे १४ फेब्रुवारीची पहाट उजाडायची होती, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद.

आता उद्योजकाच्या नजरेने बघा. सेल नव्हता, डिस्काउंट नव्हतं, कुठली कंपनी या आकड्याची मालक नव्हती. मग माणसं का आली? याचं उत्तर सापडलं तर तुमच्या दुकानातही माणसं येतील.

धडा १: आकडा ग्राहकाचा हवा, तुमचा नाही

आपण काय करतो? "आमच्या दुकानाला ५ वर्षं पूर्ण!" असा फ्लेक्स लावतो. ग्राहकाला त्याचं काय? पाच वर्षं तुम्ही मोजलीत, त्याने नाही.

त्या पार्टीत उलटं होतं. तो आकडा जमलेल्यांच्या रोजच्या कामातला होता. प्रत्येक धंद्यातला ग्राहक असं काहीतरी मोजत असतो. सायकल चालवणारा किलोमीटर मोजतो. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी परीक्षेला उरलेले दिवस मोजतो. बाळाची आई महिने मोजते. शेतकरी पेरणीपासूनचे दिवस मोजतो, "सोयाबीन चाळीस दिवसांचं झालं" असं सहज बोलून जातो.

हा आकडा ओळखणं हेच खरं मार्केटिंग. अभ्यासिका चालवत असाल तर "परीक्षेला १०० दिवस" या दिवशी सगळ्यांना संध्याकाळी चहा द्या आणि एखाद्या जुन्या, निवड झालेल्या विद्यार्थ्याला अर्धा तास बोलायला बोलवा. सायकलचं दुकान असेल तर १,००० किलोमीटर पूर्ण करणाऱ्याचा फोटो दुकानात लावा. तो माणूस तो फोटो दाखवायला मित्रांना घेऊन येईल.

धडा २: जी तारीख हलत नाही तिच्यावर विश्वास बसतो

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

"ऑफरचे शेवटचे दोन दिवस!" ही पाटी आपण सगळ्यांनी बघितली आहे. दोन दिवसांनी जा, पाटी तिथेच. "लोकाग्रहास्तव मुदत वाढवली." पुढच्या वेळी तुम्ही खरोखर शेवटचे दोन दिवस म्हणालात तरी कुणी धावत येत नाही. लांडगा आला रे आला, तसं होतं.

१२३४५६७८९० हा आकडा कुणाच्या बापाला पुढे ढकलता आला नसता. आयोजक आजारी पडो, हॉल न मिळो, तो त्याच सेकंदाला येणार आणि एकदाच येणार. शिवाय आयोजकाचं ऐकायचीही गरज नव्हती, ज्याने त्याने आपल्या पडद्यावर तपासून घ्यावं. म्हणून कार्यक्रम ठरवताना अशी तारीख निवडा जी तुमच्या सोयीने सरकत नाही आणि ग्राहकाला स्वतः तपासता येते. छोट्या धंद्याकडे जाहिरातीला पैसा नसतो, त्याच्याकडे शब्द असतो. तो वाया घालवू नका.

धडा ३: सगळ्यांना कळलं पाहिजे असं नाही

त्या मंडळींच्या घरच्यांनी नक्की विचारलं असेल, "आकड्याची कसली पार्टी?" बाहेरच्याला ती गंमत कळत नाही, म्हणूनच आतल्याला ती आपली वाटते.

नवा उद्योजक इथे घाबरतो. त्याला वाटतं, सगळ्यांना आवडेल असं काहीतरी करू. मग तो दिवाळीत तेच करतो जे बाजारातली हजार दुकानं करतात, आणि त्या गर्दीत त्याचा आवाज हरवतो. तुमचे दोनशे ग्राहक असतील तर त्यातल्या चाळीस जणांना "हे आमच्यासाठीच आहे" असं वाटणं पुरेसं आहे.

धडा ४: हिशोब मांडा

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सेकंदांचा हा आकडा १५ जानेवारी २०२७, शुक्रवारी १८० कोटी होतो. भारतातली वेळ? दुपारी बरोबर १:३०. सेकंदही शून्य! म्हणजे ऐन जेवणाची सुट्टी, आणि दिवस संक्रांतीच्या आसपासचा.

समजा, हिंजवडीच्या आयटी पार्कजवळ तुमची थाळीची खानावळ आहे. ग्राहक बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले. आकडे उदाहरणापुरते धरू: थाळी १२० रुपये, एका थाळीमागे नफा ३० रुपये, रोज १०० थाळ्या.

पहिला पर्याय, आठवडाभर १० टक्के सूट. थाळीमागे १२ रुपये गेले, नफा उरला १८. सोमवार ते शुक्रवार एरवी तुम्ही ५०० थाळ्यांत १५,००० रुपये कमावता. तेवढेच कमवायला आता ८३४ थाळ्या विकाव्या लागतील. म्हणजे ३३४ जास्तीच्या थाळ्या, आणि त्याही फक्त होतं तिथेच राहायला! तेवढी बसायची जागा आहे का? स्वयंपाकाला हात आहेत का?

दुसरा पर्याय, त्या शुक्रवारी दुपारी भिंतीवर एका पडद्यावर तो आकडा धावता ठेवायचा. येणाऱ्या पहिल्या ६० जणांना तिळगूळ आणि मसाला ताक मोफत. माणशी २५ रुपये धरले तर १,५०० रुपये, पाटीचे ३०० रुपये, एकूण १,८००. थाळीमागे ३० रुपयांनी हा खर्च ६० जास्तीच्या थाळ्यांत भरून निघतो. त्या दिवशी आलेल्यांपैकी १० नवी माणसं पुढे प्रत्येकी ६ वेळा जेवायला आली की झालं.

३३४ विरुद्ध ६०. शिवाय सूट दिली की ग्राहकाला १०८ रुपयांची सवय लागते, पुढच्या सोमवारी १२० महाग वाटतात. ताकाने भाव बिघडत नाही.

एक पथ्य पाळा. त्या दिवशी काही विकायचा आग्रह नको. फॉर्म भरा, नंबर द्या, मासिक पास घ्या, हे नको. १:३० वाजता मोजणी सगळ्यांनी मिळून करा आणि जेवू द्या.

त्याच आकड्याची दुसरी बाजू

पार्टीचं झालं. पण हाच आकडा अडचणही करतो, आणि ती उद्योजकाने समजून घ्यायलाच हवी.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये सेकंदाचा साठावा भाग मोजत असत. ३२ बिटांच्या जागेत तो आकडा अडीच वर्षांच्या आतच भरून जायचा. म्हणून पुढे पूर्ण सेकंद मोजायला लागले. तरीही जुन्या पद्धतीत ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. तो भरतो १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळी ८:४४:०७ ला. त्यानंतरच्या सेकंदाला न सुधारलेली यंत्रं १९०१ सालात जाऊ शकतात. नव्या प्रणाली ६४ बिटांवर गेल्या आहेत, तिथे काळजी नाही. काळजी आहे ती वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेल्या जुन्या यंत्रांची. आणि वाट बघायला २०३८ कशाला हवं? आज २० वर्षांच्या कर्जाचे हप्ते मोजायला बसलं तरी ती तारीख मध्ये येते. म्हणून बिलिंग, हजेरी, कॅमेरे यांची खरेदी करताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "यात २०४० सालची तारीख टाकून दाखवता का?"

२००१ मध्येही छोटा गोंधळ झाला होता. आकडा नऊ अंकांवरून दहा अंकांवर गेला. काही प्रोग्राम तो आकडा मजकूर समजून क्रम लावत होते. मजकुराच्या क्रमात १ ने सुरू होणारं आधी, ९ ने सुरू होणारं नंतर. त्यामुळे केमेलसारख्या ई-मेल प्रोग्रामात नवं जुन्याच्या आधी जाऊन बसलं.

हसू नका, हे तुमच्या बिलबुकातही होतं. एक्सेलमध्ये बिल क्रमांक मजकूर म्हणून टाकले की क्रम लागतो १, १०, ११, २. मार्चअखेरीला बिलं सापडत नाहीत. उपाय सोपा: पहिल्याच दिवसापासून ०००१ असं लिहा. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नको.

धंदा वाढला की आकडा मोठा होणारच. त्याला जागा आधीच करून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या पाच नियमित ग्राहकांशी बोला. ते दिवस, किलोमीटर, किलो, पानं, नेमकं काय मोजतात ते वहीत लिहा.

२. त्यातला एक आकडा निवडा आणि येत्या सहा महिन्यांतली अशी तारीख शोधा जी तुम्हाला हलवता येणार नाही.

३. त्या दिवसाचा खर्च लिहा. त्याला एका विक्रीमागच्या नफ्याने भागा. जे उत्तर येईल तेवढी जास्तीची विक्री झाली की खर्च वसूल. उत्तर आवाक्याबाहेर वाटलं तर खर्च कमी करा, कार्यक्रम रद्द करू नका.

४. बिल क्रमांक आजच तपासा.

तारीख ठरली की दुकानाच्या पाटीवर लिहून टाका. एकदा लिहिली की खोडायची नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा, वाढत राहा!