पश्चात्तापास शोभणारी फळे

शास्त्रपाठ : लूक ३:७-१४. सोबत वाचावे : लूक १९:१-१०, फिलिप्पै ४:१०-१८, याकोब ५:१-६.

ह्या पाठातील प्रसंग तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सन २८-२९ च्या सुमाराचा आहे. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या तीरी उपदेश करीत होता व लोकांच्या झुंडी त्याजकडे लोटत होत्या. त्याने त्यांचे स्वागत गोड शब्दांनी केले नाही. अब्राहाम आमचा पूर्वज आहे, एवढ्यावर विसंबून राहू नका, असे त्याने त्यांस बजाविले. आपल्या मंडळ्यांतही ‘आमच्या आजोबांचा बाप्तिस्मा अमक्या साहेबांच्या हातून झाला’ असे मोठ्या अभिमानाने सांगणारे पुष्कळ आढळतात. त्यांनी आठवे वचन सावकाश वाचावे.

मग लोकांनी विचारिले की, आम्ही करावे तरी काय? हाच प्रश्न पुढे जकातदारांनी व शिपायांनीही केला. योहान स्वतः उंटाच्या केसांचे वस्त्र वापरीत असे आणि टोळ व रानमध खाऊन राहत असे. तरी तुम्हीही तसेच करा, असे त्याने कोणासही सांगितले नाही. जकातदारास नाका सोडावयास लाविले नाही, की शिपायास हत्यार टाकावयास लाविले नाही. ज्याचा हात जेथे शेजाऱ्याच्या वस्तूस लागत होता, नेमके तेथेच त्याने बोट ठेविले.

सर्वसाधारण लोकांस त्याने दोन अंगरख्यांविषयी सांगितले. हा अंगरखा म्हणजे अंगास लागून घालावयाचे आतले वस्त्र होय. वरचे पांघरूण निराळे. गरिबाजवळ बहुधा एकच पांघरूण असे, म्हणूनच ते गहाण घेतले असल्यास सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा मोशेच्या नियमशास्त्रात निर्बंध आहे (निर्गम २२:२६-२७). ह्यावरून दिसते की, ज्याजवळ दोन अंगरखे आहेत तो मनुष्य काही धनवान नव्हे. तेव्हा ‘आम्ही हातावर पोट भरणारे, आम्ही काय द्यावे?’ ही सबब योहानापुढे चालली नसती. ईशान्येकडील मिझो लोकांच्या मंडळ्यांत १९१० सालापासून एक रीत चालत आली आहे. घरची बाई स्वयंपाकासाठी तांदूळ काढते तेव्हा त्यांतून एक मूठ प्रभूकरिता बाजूस ठेविते, आणि अशा मुठी एकत्र करून मंडळीच्या कामास लाविल्या जातात. त्या डोंगराळ मुलुखात पैसा थोडा होता, पण मूठ तर प्रत्येकीस होती. आपल्याकडे ज्वारीचे पीठ मळणाऱ्या बाईसही ती आहे.

परंतु दुसरा अंगरखा सुटा होतो तरी केव्हा? एक मला पुरे, असे मन म्हणेल तेव्हाच. नाही तर दोन्ही गरजेचेच वाटतात, आणि तिसराही हवासा वाटतो. दातृत्वाचे झाड संतोषाच्या जमिनीवाचून रुजत नाही, म्हणून ही दोन्ही ह्या पाठात जोडीने आली आहेत.

जकातदाराचे उत्तर थोडक्यात आहे. त्या काळी जकात वसूल करण्याचा मक्ता दिला जात असे, व ठरलेल्याहून जे जास्त उकळता येई ते मक्तेदाराच्या पदरात पडे. ते जास्त घेऊ नका, इतकेच योहान म्हणाला. पुढे यरीहोत जक्कयाने हे कसे आचरिले ते पाहावे. ज्याने अपराध आपण होऊन कबूल केला त्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालून द्यावा, एवढेच नियमशास्त्र मागत होते. मेंढरू चोरून कापणाऱ्या चोरास मात्र चौपट दंड होता. जक्कयाने चोराचा दंड आपल्या हाताने आपणांस लावून घेतला, आणि वर अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस दिली. तो रडला की नाही हे लूक सांगत नाही. त्याचा हिशेब मात्र सांगतो.

आता शिपाई. जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या वेतनात संतोष माना, असे त्यांस सांगण्यात आले. मूळ ग्रीक भाषेत जुलमासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ जोराने हालविणे असा आहे. बोरे पाडण्यासाठी बोर गदागदा हालवावी तसे दुबळ्या माणसाला हालविणे. आणि वेतनाचा शब्द प्रथम शिपायाच्या शिध्याचा व त्याबद्दलच्या पैशाचा होता. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वेतनात संतोष मानण्याची आज्ञा ज्याच्या हाती शस्त्र होते त्यास झाली, ज्याची मजुरी बुडाली त्यास नव्हे. कापणी करणाऱ्याची अडवून ठेविलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे याकोब सांगतो. म्हणून जो मालक सालगड्यास निम्मे देऊन वर संतोषाचा उपदेश करितो, तो शास्त्राचा विपरीत उपयोग करितो, मग तो मालक आपल्याच मंडळीतील का असेना.

उपदेशकबंधूंनो, आपल्या हाती शस्त्र नाही. पण शिफारशीचे पत्र आहे, शाळेतील हजेरी आहे, मंडळीच्या अर्पणाची पेटी आहे. कोणाचे नाव पुढे करावे व कोणाचे मागे ठेवावे, हे पुष्कळदा आपल्या शब्दावर ठरते. त्या शब्दाबद्दल आलेली कोंबडी किंवा पायलीभर धान्य प्रीतीचे आहे की भीतीचे, हे आपणांस कळते. मंडळ्यांसही एक सांगणे आहे. पौलाने बंदिवासातून लिहिले की, कोणत्याही स्थितीत समाधानी राहावयास मी शिकलो आहे. आणि त्याच अध्यायात त्याने फिलिप्पैकरांनी पाठविलेली मदत आनंदाने स्वीकारिली आहे. उपदेशक संतोषी आहे म्हणून त्याचा पगार थकवावा, असे ह्यावरून कोणी काढू नये.

सभेत हा पाठ घेताना चौदाव्या वचनावर थांबू नये, विसाव्यापर्यंत वाचावे. आम्ही काय करावे, असे हेरोदाने विचारिले नव्हते, तरी योहानाने त्यालाही त्याच्या भावाच्या बायकोविषयी व इतर दुष्कर्मांविषयी दोष दिला. हेरोदाने त्याला बंदीत टाकिले. तो बंदिवास मृत समुद्राच्या पूर्वेस मखेरसच्या किल्ल्यात झाला, असे योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. पुढील पाठ एकविसाव्या वचनापासून सुरू होईल.