मोबाईलमधला बिल्ला

देवळाबाहेर चपला ठेवल्या की तिथला माणूस आपल्याला एक बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपले नाव-गाव विचारत नाही. बिल्ला बघतो आणि चपला देतो. इंटरनेटवरही असाच बिल्ला असतो. त्याला कुकी म्हणतात. (ही खायची नव्हे!) १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. त्याआधी संकेतस्थळाला गिऱ्हाईक लक्षात राहत नसे. पान बदलले की नवाच कोणी आला असे त्याला वाटे. म्हणून ते आपल्या यंत्रात एक लहानशी चिठ्ठी ठेवू लागले.

इथवर ठीक. पण समजा, जत्रेत शंभर दुकाने आहेत आणि प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच जाहिरातवाल्याचा माणूस बसलाय. तो तुमचा बिल्ला बघतो नि वहीत लिहितो, हा आधी खेळण्यांच्या दुकानात गेला, मग औषधांच्या. संध्याकाळी तुमची सगळी फेरी त्याच्या वहीत! आपल्याकडे अनेक घरांत मोबाईल एकच. आजीच्या गुडघ्याचे औषध त्यावरच शोधायचे आणि बाबांचे कर्जही त्यावरच. घरचे आजारपण आणि कर्ज आपण चावडीवर सांगत बसतो का? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

आता दुसरी गोष्ट, अल्गोरिदम. हा शब्द अल्-ख्वारिझ्मी या नवव्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावावरून आला. ते बगदादला राहत आणि त्यांनी आपल्या भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले होते. अल्गोरिदम म्हणजे काम करायची ठरलेली रीत. भागाकाराची रीत असते ना, तशीच. व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीची रीत साधारण अशी, की ज्यावर तुमची नजर जास्त वेळ थांबली, तसलेच आणखी दाखवा. ते खरे की खोटे, अभ्यासाचे की भांडणाचे, हे ती फारसे बघत नाही. कुस्तीचा एक व्हिडिओ पाहिला की कुस्त्याच कुस्त्या येतात आणि गृहपाठ राहतो!

मग करायचे काय? यूट्यूबवर पाहिल्याची नोंद बंद करून जुनी पुसली, की पहिल्या पानावरच्या शिफारशी थांबतात. मग आपण निवडलेले चॅनेलच बघायचे. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होतो, तेही बटण बंद करावे. शोधण्यासाठी २००८ साली सुरू झालेले डकडकगो आहे. ते माणसागणिक वही ठेवत नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर प्रत्येक दुकानाचे बिल्ले वेगवेगळ्या डब्यात ठेवतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या माणसाला फेरी जुळवता येत नाही. मराठी विकिपीडियावर तर जाहिरातीच नाहीत, आणि तिथला लेख तुम्हाला नि मला सारखाच दिसतो.

‘खासगी खिडकी’ उघडली म्हणजे कोणालाच कळत नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपला मोबाईल विसरतो एवढेच. आंतरदेशीय पत्र बंद असले तरी वरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच की! कुलपाची खूण असलेल्या संकेतस्थळाचेही तसेच. आतला मजकूर बंद, पण आपण कोणत्या दारी गेलो ते सिमकार्डवाल्या कंपनीला कळू शकते.

पालकांनी घरी गेल्यावर मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘परवानगी’ हा भाग जरूर उघडून पाहावा. बॅटरीच्या ॲपला आपल्या मामाचा नंबर कशाला हवा? कर्ज देणाऱ्या ॲपना तर फोनमधली नावे-नंबर वाचायला रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच मनाई केली आहे. तरीही कोणी मागितलेच, तर ‘नाही’वर बोट ठेवावे आणि ते ॲप काढून टाकावे.