दळणाचा भरवसा

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे आणि राई मागे टाकल्यावर लागणाऱ्या आमच्या मोरव्यात तांदळाची भाकरी हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न असल्यामुळे, माझ्या मुलीला गव्हामुळे होणारा आजार जडला आहे असे मी सांगू लागलो तेव्हा आप्तेष्टांपैकी कोणीही ते ग्राह्य धरले नाही. ‘भाकर खानाऱ्याला गव्हाचा रोग कवा झाला रं?’ हा वडीलधाऱ्यांचा सवाल आणि ‘पोरीचे लाड पुरवतात, दुसरं काय’ हा बायकांचा शेरा, दोन्ही मी निमूटपणे ऐकून घेतले. आज त्यांचा जबाब लेखी देतो आहे.

मुलीचा हा आजार, सीलिॲक, म्हणजे आजकालचे थोतांड नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा या रोगाची मुले इतर सारे उपाशी मरत असताना सुधारू लागल्याचे विलेम डिके या बालवैद्याच्या ध्यानात आले, आणि गव्हावरचा त्याचा आधीपासूनचा संशय पक्का झाला. गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेन पोटात जाताच शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, तेथील रसांकुर झिजून सपाट होतात, आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मुलीची उंची खुंटली होती, पोट फुगलेले असे, रक्त चढत नव्हते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि शक्ती यावी म्हणून दुधात घालायची माल्टची पूड दिली. माल्ट म्हणजे मोड आणलेले जव! ज्या धान्याने आतडे जळत होते तेच शक्तिवर्धक म्हणून सकाळ-संध्याकाळ पाजले गेले, आणि पुढे परळच्या रुग्णालयात रक्ताची तपासणी व दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून निदान झाल्यावर त्याच गृहस्थांनी ‘हा उत्तरेकडचा आजार, आपल्याकडे कोण शोधणार?’ एवढ्यावर विषय बरखास्त केला.

गहू घरातून हद्दपार झाला. पोळी गेली, पाव गेला, बिस्किटे गेली. तरीही पुढच्या तपासणीत रक्तातील प्रतिपिंडे म्हणावी तशी उतरली नव्हती. घरात कोणी तरी चोरून खाऊ घालते असा बोभाटा झाला आणि त्याचा रोख माझ्या पत्नीवर होता, हे मला आजही विसरता येत नाही. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र आरोप न करता एकच प्रश्न विचारला : भाकरीचे पीठ दळता कुठे?

गिरणीवाल्याला मी सर्व हकीकत आधीच सांगितली होती. सकाळी जाते धुऊनपुसून पहिले दळण तुमच्या तांदळाचेच घालीन, असा शब्द त्याने दिला होता आणि त्याबद्दल तो दळणावळीपेक्षा चार पैसे जास्तही घेत असे. बाईंच्या प्रश्नानंतर मी भल्या पहाटे, न कळवता, गिरणीत जाऊन उभा राहिलो. एका खानावळीच्या गव्हाचे दळण नुकतेच संपत होते. त्यामागोमाग, जात्याला हात न लावता, त्याने माझा तांदूळ वरच्या टोपलीत ओतला. खाली पीठ पडते त्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीला दोन थपडा मारल्या, तिच्यातून तांबूस कोंडा भुरभुरत माझ्याच डब्यात पडला, आणि त्यावर पांढरे पीठ साचू लागले. मी तो कोंडा बोटाने उचलून त्याच्यापुढे धरला. ‘पिठाला पीठ लागलं तर काय झालं? तेवढ्यानं कोन मरत नाय,’ असे तो शांतपणे म्हणाला. पैसे घेतले होते त्याचा उल्लेखही नाही! ज्या भाकरीच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो, त्या भाकरीतच गहू होता, आणि दूषण लागले होते माझ्या पत्नीला.

म्हणून ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माझे पहिले सांगणे की, कर्ज काढावे लागले तरी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणा कोणालाही घालू देऊ नये. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी घरीच निवडून दळावी. हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचावा. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा असतो. नाचणीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांतही मैदा निघतो. लग्नकार्यातील वड्यांत काही घरी गव्हाचे पीठ मिसळतात, खानावळीत मासा रवा लावून तळतात, आणि पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेला पापडही चालत नाही. तेव्हा यजमान रागावले तरी मुलीचा डबा बरोबर न्यावा. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो, तो हात जोडून परत करावा. लाकडी पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे. मन प्रसन्न ठेवावे, पथ्य सांभाळावे.

‘ग्लूटेनमुक्त’ असा छाप असलेल्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. तो छाप नसेल तर दुकानदाराच्या तोंडी खुलाशावर विसंबू नये. आधारासाठी दिल्लीची सीलिॲक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे. परंतु आम्हाला खरा आधार मिळाला तो रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या आयांकडून, ज्यांना ‘एवढ्याशाने काय होतं’ हे वाक्य आमच्याइतकेच पाठ होते. घरघंटी आल्यापासून मुलीचे रक्त वाढले आहे, प्रतिपिंडे उतरली आहेत, आणि ज्यांनी माझ्या पत्नीला बोल लावला त्यांपैकी एकानेही तो मागे घेतलेला नाही.

एक विनंती राहिली. ज्या मुलाचे रक्त औषधाने चढत नाही किंवा उंची अडली आहे, त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या, आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नका, कारण गहू सोडल्यावर तपासणी खोटी ठरू शकते. एका मुलात निदान झाले तर भावंडांची आणि स्वतः आईबापांचीही करून घ्या. जवळच्या रक्ताच्या नात्यात सुमारे दहांत एकाला हा आजार निघतो, आणि पुष्कळदा कसलेही लक्षण नसताना निघतो.