मागे उभं राहणाऱ्या मुलाचं करिअर

गेल्या मोसमात कोल्हापुरात एका वडिलांनी मला मैदानाच्या कडेला गाठलं. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा फुटबॉल संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळत होता. "सर, पोरगं सारखं मागंच हुबं असतंय. गोल कवा मारणार? ह्यात पुढं काय हाय का न्हाई?" दहावी तोंडावर आलेली, क्लासची फी भरून झालेली आणि मुलगा रोज संध्याकाळी मैदानावर. त्यांची काळजी खोटी नव्हती.

मी म्हटलं, "दादा, दहा मिनिटं बॉलकडं बघू नका. फक्त पोराकडं बघा." चेंडू पार पलीकडच्या गोलपाशी होता. तरीही मुलगा सारखी मान वळवून समोरच्या संघाचा स्ट्रायकर कुठे आहे ते बघत होता. आपला साइड बॅक फार पुढे गेला की "खाली ये, खाली!" म्हणून ओरडत होता. मग उंचावरून लांब चेंडू आला. त्याला धावावं लागलंच नाही, कारण चेंडू हवेत असतानाच तो दोन पावलं मागे सरकलेला होता. छातीवर घेतला, शांतपणे डावीकडे दिला. टाळी कुणीच वाजवली नाही.

बचावपटूचं काम हे असं असतं, आणि जाणकार प्रशिक्षक नेमकं हेच बघतो. मुलगा अंगाने किती आडदांड आहे हे पंधराव्या वर्षी फारसं महत्त्वाचं नाही, कारण सोळा-सतराव्या वर्षी बाकीची मुलंही उंचीला येतात आणि नुसत्या ताकदीवर जिंकणारा मागे पडतो. स्ट्रायकर अंगावर येताना तो समोरासमोर छाती देऊन उभा राहतो की अंग तिरकं ठेवून त्याला कडेला रेटतो, हे बघा. टॅकल मारायची घाई करतो की थांबतो, दोन्ही पायांनी पास देतो की नाही, आणि चूक झाल्यावर पुढच्याच मिनिटाला पुन्हा चेंडू मागतो की लपतो, तेही बघा. डावखुरा स्टॉपर तर कुठल्याही संघाला हवाच असतो.

हे कसब उशिरा पिकतं. मुंबईचा बचावपटू राहुल भेके घ्या. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल अशा संघांतून खेळत तो 2017 मध्ये बेंगळुरू एफसीत गेला. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत, 117व्या मिनिटाला, कॉर्नरवर हेडर मारून सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. भारताच्या संघात तो पहिल्यांदा खेळला तो त्यानंतर, जून 2019 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढे मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून 2024 मध्ये त्याच लीगचा करंडक उचलला तेव्हा तेहतिशी गाठली होती. म्हणून अठराव्या वर्षी मोठ्या क्लबचं बोलावणं आलं नाही की घरात सुतक पाळू नका.

पण उशिरा पिकणाऱ्या झाडाखाली घर चालवायचं तर दुसरी सोय लागते. शिक्षण सोडायला मी कधीच सांगत नाही, कारण दुखापत विचारून येत नाही. भारताचा बचावपटू संदेश झिंगन, त्याचा गुडघा 2019 मध्ये गेला आणि अख्खा मोसम बुडाला. दुसरा बचावपटू अन्वर अली, त्याच्या हृदयाचा विकार त्याच वर्षी तपासणीत सापडला, तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती. खेळण्याच्या हक्कासाठी त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि 2022 मध्ये तो भारताकडून खेळला. दोघेही परतले, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण परतता न आलेल्यांची नावं छापून येत नाहीत. मुलगा रोज पळतो म्हणजे तो ठणठणीत, असं धरून चालू नका. हृदयाची तपासणी एकदा करून घ्याच.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. वरच्या लीगमधल्या थोड्यांना चांगले मिळतात. खाली उतरलं की रक्कम झपाट्याने आटते. शिवाय वरच्यांचंही पक्कं नसतं. 2025 मध्ये लीगचा मोसम रखडला तेव्हा काही क्लबांनी पगारच थांबवले. त्यामुळे रेल्वेची क्रीडा भरती आणि राज्य सरकारी नोकऱ्यांतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण यांना कमी लेखू नका. मात्र तिथे कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते आधीच बघा आणि प्रत्येक प्रमाणपत्र जन्मदाखल्यासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. वय चोरण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. मनगटाच्या एक्स-रेवर हाडांचं वय तपासलं जातं; मुलगा तिथे अडकला तर अनेक वर्षांची मेहनत मातीत जाते.

आणि सही. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसतो, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय एजंटाने अशा मुलाशी बोलणी करायची नसतात. कुणी "आजच सही करा, उद्या जागा जाईल" म्हणालं, तर कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा. दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि त्या महिन्यांचा पगार मिळणार का, ही दोन कलमं आधी वाचा.

कोल्हापूरच्या त्या दादांशी मी एवढंच ठरवलं होतं: सकाळी अभ्यास, संध्याकाळी मैदान आणि घरी रोज वीस मिनिटं भिंतीवर फक्त डाव्या पायाने पास. तीन आठवड्यांनी फोन आला. "सर, डावा पाय सरळ व्हायला लागलाय बघा. पण भिंतीचा गिलावा पडायलाय, आणि त्याची आई मला बोलतीय." मागून चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता.