भांड्यांवरील नक्षी : एका वर्गप्रकल्पाचे सिंहावलोकन

फळ्यावर काढलेले कमळ मुलांनी वहीत उतरवावयाचे, शिक्षकांनी त्यावर शेरा द्यावयाचा आणि वही पुन्हा दप्तरात जावयाची, असा चित्रकलेच्या तासाचा क्रम पुष्कळ शाळांतून आढळतो. त्यायोगे मुलाचा हात वळतो हे खरे. परंतु नक्षी कशासाठी, कोठे आणि किती, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहत नाही. तो उभा करण्याचे साधन प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात आहे. ताट, वाटी, तांब्या, पेला, बरणी यांपैकी एखाद्या वस्तूसाठी सचित्र नक्षी योजण्याचा प्रकल्प सहावी-सातवीच्या वर्गात घेतल्यास त्यातून काय साधते आणि तो संपल्यावर त्याचा विचार कसा करावा, हे पुढे मांडले आहे.

अवलोकन

प्रकल्पाचा आरंभ कागदाने न होता भांड्याने व्हावा. मुलांनी घरातील एक भांडे नीट न्याहाळून त्याचे वर्णन लिहावे. पुण्याच्या तांबट आळीत घडणाऱ्या तांब्याच्या भांड्यांवर हातोडीच्या गोल ठोक्यांच्या ओळी दिसतात. त्यास मठारकाम म्हणतात. हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात. त्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांडे टिकाऊ बनते. कामातूनच शोभा निर्माण झाली, हे मुलाच्या ध्यानी येणे हाच पहिला पाठ होय. स्टीलच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावे व तारखाही मुलांनी वाचाव्या. भांडे कोणी, कोणास, केव्हा दिले, याचा तो घरगुती इतिहासच असतो.

नक्षी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी जाते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि शाळेच्या मृत्पात्रांवर अजिंठ्याच्या नक्षीचा उपयोग होऊ लागला. छताच्या सपाट चौकटीतील वेल गोल पात्राच्या पोटावर जशीच्या तशी बसत नाही. ती पात्राच्या आकाराप्रमाणे वळवावी लागते. अनुकरण आणि योजना यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

मापन व योजना

नक्षीची खरी परीक्षा मापनात होते. ताटाचा व्यास २१ सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे ६६ सेंटिमीटर भरतो. काठावर १२ कोयऱ्या बसवावयाच्या असतील, तर प्रत्येकीच्या वाट्यास साडेपाच सेंटिमीटर येतात. हा हिशेब न करता आरंभ करणाऱ्या मुलाची शेवटची कोयरी अर्धीच राहते. ती तशी राहू द्यावी; शिक्षकाने आधीच सावध करू नये. परिघाचे सूत्र पाठ करून जे कळत नाही, ते त्या अर्ध्या कोयरीने कळते. त्यानंतर कंपासातील अंतर त्रिज्येएवढे ठेवून परिघावर सहा खुणा कराव्या आणि प्रत्येक भागाचे दोन भाग पाडावे. खाली निमुळत्या पेल्यासाठी सरळ पट्टी कापणाऱ्या मुलास ती तिरपी जाते असे आढळेल. तेथे कमानदार पट्टी लागते, हे त्याने स्वतः शोधून काढावे.

मापनानंतर उपयोगाचा विचार यावा. ताटाचा मध्य अन्नाने झाकला जातो, म्हणून नक्षी काठावर शोभते. याउलट वाटीच्या तळाशी काढलेला मासा आमटी संपल्यावरच दिसतो, आणि लहान भावंडाने वाटी रिकामी करावी यासाठी तो तेथे काढला, असे एखादी मुलगी सांगेल, तर तिची योजना उत्तम समजावी. खोल खाचांत अन्न अडकते, हेही मुलांना सुचू द्यावे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. काही रंगांत शिसे असते. म्हणून वापरातील भांड्यास रंग लावू नये. काम कागदावर करावे, अथवा अन्नासाठी न वापरावयाच्या मडक्यावर बाहेरून गेरू व चुना यांनी करावे.

वर्गातील नाती

या प्रकल्पात शिक्षकाची कसोटी लागते ती निराळ्याच ठिकाणी. कुंभाराच्या मुलाने माती मळावी, इतरांनी चित्रे काढावी. स्वयंपाकघराचा विषय म्हणून मुलींनी पुढे व्हावे, मुलांनी गंमत पाहावी, अशी वाटणी न सांगताही होते. ती होऊ दिल्यास शाळेने गावातील जुनी उतरंडच वर्गात मांडली असे होईल. १९३७ साली वर्धा येथे मांडलेल्या नयी तालीमच्या विचारात हस्तव्यवसाय सर्वांसाठी होता, कोणा एकासाठी नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना कुंभार, सुतार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. म्हणून कारागीर पालकास वर्गात बोलवावे ते पाहुणे गुरुजी म्हणून. ज्या मुलास आपल्या बापाचा धंदा सांगताना संकोच वाटत होता, त्याने बापापुढे साऱ्या वर्गास हात जोडताना पाहिले, तर त्या दिवशी त्याच्या मनात जे घडते ते कोणत्याही गुणपत्रकात मावणार नाही.

सिंहावलोकन

काम भिंतीवर लागले म्हणजे प्रकल्प संपला असे मानू नये. प्रत्येकाने दहा ओळींत चार प्रश्नांची उत्तरे लिहावी : मी काय योजले होते? काय बदलले? का बदलले? हे भांडे रोज वापरणाऱ्या व्यक्तीस नक्षी दाखविली, तेव्हा ती काय म्हणाली? चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. घासताना हात कोठे लागतो, काठ कोठे झिजतो, हे भांडी घासणाऱ्या आईइतके कोणास ठाऊक असणार? तिचे मत घेताना मुलास घरातील श्रमाची जाणीव होते.

मूल्यमापनात सुबकपणास गुण असावेत, पण ते निम्म्याहून अधिक नसावेत. वाकड्या रेषेचे परंतु कारण सांगता येणारे काम हे सुरेख उतरवलेल्या नकलेपेक्षा श्रेष्ठ मानावे. शिक्षकबंधुभगिनींनी अशी दहा-दहा ओळींची टिपणे जपून ठेवावी आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेस येताना चित्रांसमवेत तीही आणावी. परिषदेत चर्चा करावयाची ती त्या टिपणांवर.