थेंब डोळ्यात, बोट कोपऱ्यात

अगं सुमे, काचबिंदू म्हटल्याबरोबर तुझं मन थेट आप्पांपर्यंत जाऊन पोचलं ना? माझंही पोचलं होतं. शेवटी शेवटी भिंत चाचपत चालणारे आप्पा आपण दोघींनीही पाहिलेत. पण त्यांचा आजार कळला तेव्हा एका डोळ्याची नजर बरीचशी गेली होती. तुझा तर चष्म्याचा नंबर काढता काढता सापडला. हे नशीबच समज, आणि त्याचं सोनं कर. दवाखान्यात बाहेर रांग असते, ‘रात्री झोपताना एक थेंब’ एवढं सांगून डॉक्टरांना पुढचा पेशंट बघावा लागतो. तो थेंब घालायचा कसा, ते माझ्याकडून ऐक. मीही रोज घालते.

तू परवा म्हणालीस, ‘ताई, थेंब घालून काही फरकच वाटत नाही गं.’ नाहीच वाटणार. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून निघून जात असतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी कसं साचतं, तसं ते साचलं की आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. हा दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ असतो. पण काहींची नस २१ च्या आतही खराब होते, म्हणून शेजारणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघू नकोस. तुझा दाब किती असायला हवा, ते तुझे डॉक्टर ठरवतील. मोतीबिंदू काढला की पुन्हा लख्ख दिसतं, तसं इथे होत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब राखतात ती उरलेली. आणि खरंच राखतात हं. दाब वाढलेला, पण नस अजून शाबूत, अशा माणसांचा अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. निम्म्याहून कमी!

आता पद्धत. हात साबणाने धू. उभ्या उभ्या, आरशात बघत कसरत करू नकोस. सरळ पलंगावर आडवी हो आणि छताकडे बघ. एका बोटाने खालची पापणी ओढ, तिथे छोटा खिसा तयार होतो. बाटली वर धर आणि एकच थेंब त्या खिशात पडू दे. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना, बोटाला, कशालाही लागता कामा नये. लागलं की जंतू आत जातात. ‘हात सढळ असावा’ हे आईचं सांगणं स्वयंपाकघरात ठेव. आपल्या डोळ्यात एक अख्खा थेंबसुद्धा मावत नाही, दुसरा नुसता गालावरून ओघळतो आणि महिन्याची बाटली वीस दिवसांत संपते. मात्र थेंब बाहेरच पडला असेल तर पुन्हा घाल. बाटली फ्रिजमधून काढलेली असली की गार लागतं, आत पडल्याचं लगेच कळतं.

थेंब पडल्यावर डोळा अलगद मिट. मिचकावू नकोस, आवळू नकोस. आणि नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बोट हलकेच दाबून दोन-तीन मिनिटं पडून राहा. हे सांगायचं बऱ्याच ठिकाणी राहून जातं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्या कोपऱ्यात अश्रूंचं छिद्र आहे, तिथून नळी नाकात उतरते. थेंब तिकडून नाकात, घशात आणि रक्तात जातो. बोट ठेवलं की औषध डोळ्यात टिकतं आणि अंगात कमी भिनतं. मग पापणीवर सांडलेलं स्वच्छ कापसाने टिपून घे, नाहीतर तिथली कातडी काळवंडते.

अंगात भिनण्याचं मी एवढं का लावून धरलंय, ते सांगते. तुला सध्या लॅटानोप्रॉस्ट दिलंय, ते ठीक. पण पुढे दाब हवा तसा उतरला नाही तर बहुतेक वेळा दुसरं औषध जोडतात, आणि त्यात टिमोलॉल असू शकतं. औषध चांगलं आहे, पण दमेकऱ्यांना ते चालत नाही, श्वासनळ्या आवळतात. नाडी मंद असणाऱ्यांनाही नाही. पावसाळ्यात तू पंप घेतेस, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलंस का? ‘डोळ्याचा आणि दम्याचा काय संबंध’ असं वाटून बायका सांगतच नाहीत. कित्येक बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात, वरच्या ठसठशीत नावावरून टिमोलॉल कळतही नाही. खोक्यावरचे बारीक अक्षरातले घटक वाच, वाचता येत नसेल तर मुलाला वाचायला लाव. सल्फाची ॲलर्जी असेल तर तीही सांग, कारण डोर्झोलामाइड आणि ब्रिंझोलामाइड ही डोळ्यांची औषधं त्याच गोत्रातली आहेत. आणि तुझ्या दम्याच्या डॉक्टरांनाही थेंबांचं नाव कळू दे.

दोन बाटल्या झाल्या तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

लॅटानोप्रॉस्टने डोळे थोडे लाल होतील, पापण्यांचे केस लांब, दाट होतील. (मला शेजारची विचारत होती, कुठलं काजळ लावता!) बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो, पण आपले डोळे मुळात काळेभोर, फारसं कळणार नाही. लाली हटेना, खाज सुटली, पापण्या सुजल्या तर डॉक्टरांना फोन कर. औषध बदलता येतं, काहींना लेझरही करतात. आपल्या मनाने बंद मात्र करायचं नाही.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडलीस की तारीख लिहून चिकटव आणि खोक्यावर सांगितलेली मुदत, बहुधा चारेक आठवडे, संपली की उरलेलं औषध टाकून दे, जीव तुटला तरी. तुमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात उघडलेली बाटलीही फ्रिजमध्येच बरी. स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नको. आणि कानाच्या थेंबांशेजारी ठेवू नकोस. अंधारात सगळ्या बाटल्या सारख्याच.

वेळेचं म्हणशील तर घड्याळापेक्षा काम बरं. रात्री विरजण लावलं की थेंब, असं ठरवून टाक. एकादशी असो, नवरात्र असो, लग्नाचं वऱ्हाड असो, थेंबाला सुट्टी नाही. घशात कडू उतरतं म्हणून उपास मोडेल असं वाटत असेल, तर कोपऱ्यातलं बोट त्यासाठीही उपयोगी आहे. एखादी रात्र चुकलीच तर दुसऱ्या रात्री दोन घालू नकोस. हे औषध जास्त वेळा घातलं तर उलट कमी काम करतं.

तपासणीच्या आधी आठवडाभर नेमाने थेंब घालायचे आणि मग विसरायचे, हे तर मुळीच करू नकोस. त्या दिवशी दाब छान दिसतो, डॉक्टर खूश होतात आणि इकडे नजरेचा परीघ आक्रसत राहतो. मग त्यांना वाटतं औषध कमी पडतंय, आणि आणखी एक बाटली वाढते. चुकलं असेल तर तसं सांग. रागावले तर रागावू देत.

मेडिकलवाल्याकडून लाल डोळ्यांसाठी थेंब आणायची तुझी सवय आता बंद. त्यांत कित्येकदा स्टिरॉइड असतं, त्याने दाब वाढतो. मुलांचे डोळे खाजतात म्हणून आणलेल्या बाटलीचंही तेच. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस यांतलं काहीही डोळ्यात नको, सांगणारी आत्या असली तरी. आणि कधी अचानक डोळा ठणकायला लागला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर पित्ताची गोळी घेऊन पडून राहू नकोस. त्याच रात्री डोळ्यांच्या इस्पितळात जा.

राहिला आपला भाऊ, मधू. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असला की आपल्यालाही होण्याची शक्यता बरीच वाढते. आप्पा, मी, तू झालो. मी सांगितलं तर तो हसण्यावारी नेतो, तुझं ऐकतो. नुसता चष्म्याचा नंबर काढून चालणार नाही. दाब, मागची नस आणि नजरेचा परीघ तपासून घे म्हणावं. आणि तुझ्या लेकीलाही चाळिशीची वाट बघायला लावू नकोस.