घरातल्या ज्येष्ठांची चप्पल: पन्नास रुपयांपासून सुरुवात

पावसाळा लागला की बोईसरजवळच्या सालवडमध्ये अंगणातल्या लादीवर आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत शेवाळ धरतं. पायऱ्या ओल्या, न्हाणीचा उंबरठा निसरडा, आणि आजी-आजोबांच्या पायांत दोन वर्षं वापरलेली हवाई चप्पल. ती चप्पल आज उलटी करून बघा. टाचेच्या बाहेरच्या कडेला नक्षी झिजून रबर गुळगुळीत झालं असेल, पट्ट्याचं भोक सैल पडलं असेल, तर ती टाकून द्या. तिच्यात नवा पट्टा घालण्यात अर्थ नाही.

हवाई चप्पल अंगठ्याच्या पकडीवर चालते. वय झालं की ती पकड सुटते, पाय उचलण्याऐवजी घासत चालतात आणि चप्पल उंबरठ्याला अडकते. म्हणून खरेदीला जाताना पहिली अट एकच ठेवा: टाचेमागे पट्टा हवा.

इथे दिलेले भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक फरक पडेल. सध्याच्या सँडलचा तळ चांगला असेल, तर मोचीकडून मागचा पट्टा शिवून घ्यायला पन्नास ते शंभर रुपये पुरतात. पट्ट्याची नवी सँडल चारशे ते नऊशेला मिळते. कॅनव्हासचे किंवा साधे स्पोर्ट्स बूट सहाशे ते दीड हजारात येतात. वाकता येत नसेल तर नाडीऐवजी वेलक्रो घ्या. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या, सँडलसाठी पाचशे ते दीड हजार बाजूला काढा आणि पाय डॉक्टरांना दाखवूनच माप ठरवा. बधिर पायाला आत गेलेला खडाही कळत नाही, म्हणून घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघायचा.

महाग म्हणजे सुरक्षित, असं अजिबात नाही. गादीसारखा जाड, मऊ तळ दुकानात सुखाचा वाटतो, पण पायाला जमीन नीट कळत नाही आणि तोल जातो. तळ पातळ, घट्ट आणि खाचांचा हवा, टाच बुटकी आणि रुंद. बूट हातात धरून वाकवा: बोटांजवळ वाकला तर ठीक, मध्येच दुमडला तर परत ठेवा. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ज्येष्ठांना बोईसरच्या बाजारात नेणं जमत नसेल, तर दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा आणि तो कागद सोबत न्या. दोन पावलांत फरक असेल तर मोठ्या पावलाचं माप धरा.

घरात काय, हा प्रश्न आपल्याकडे अवघड आहे, कारण चप्पल दाराबाहेर राहते. अमेरिकेत सिएटलच्या ६५ वर्षांवरील लोकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालणाऱ्यांना पडण्याचा धोका सर्वांत जास्त आढळला, कॅनव्हास आणि स्पोर्ट्स बूटवाल्यांना सर्वांत कमी. तिथली घरं वेगळी, पण गुळगुळीत टाइल्स आता आपल्याकडेही आहेत. त्यामुळे घरासाठी मागच्या पट्ट्याचा एक स्वच्छ जोड वेगळा घ्या, देवघराबाहेर काढून ठेवता येईल असा. नुसते मोजे घालून टाइल्सवर चालू देऊ नका.

सरकारी मदतीतून चप्पल घेता येते, असा गैरसमज आहे, तो दूर करतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना एकदाच तीन हजार रुपये बँक खात्यात मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत लागतं. मात्र ही रक्कम काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी आहे. चपलेचा खर्च घरातूनच करावा लागेल.

दुकानात छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी मागितला तर देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे. पक्कं बिल घ्या, बदलून मिळण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

पडून खुब्याचं हाड मोडलं तर खासगी रुग्णालयातलं ऑपरेशन लाखाच्या घरात जातं. त्यापेक्षा नवा जोड मे महिन्यातच घ्या, म्हणजे पहिल्या पावसाआधी आजी-आजोबांना त्याची सवय होईल.